देवीच्या आधीचं ताट

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई
ता. २६ नोव्हेंबर १९८४

चि. सौ. द्वारकास भुजंगाचा आशीर्वाद.

तुझं कार्ड भेटलं. वर लिहिलंस, ‘दंडवत प्रणाम’. अगं, सख्ख्या भावाला रामराम घातला असता तर तुझा देव रुसला असता का? तुझी वहिनी सोनू म्हणे, वन्संनी तुम्हाला महंतच करून टाकलं. हसली, आन् मंग पदरानं डोळे पुसत बसली.

मी आज भांडायलाच बसलोय, तवा आधी पाणी पी. श्रावणात माय गेली. तू आल्तीस, आठवडाभर राह्यलीस, तिचं सगळं अंथरुणातलं केलंस. ते मी कधी इसरणार न्हाई. पण जेवायची येळ झाली का तू आपलं गठुडं घेऊन ओट्यावर जायचीस. बदनापूरहून बांधून आणलेली भाकर, वाळून कडक झालेली, ती खायचीस. का, तर आमच्या घरात देवीला निवद दाखवल्याबिगर कुणी जेवत न्हाई, आन् तुमच्या महानुभाव पंथात दुसऱ्या देवाचा निवद चालत न्हाई. शेजारच्या झुंबरबाईनं मला चारचौघांत इचारलं, काय रे भुजंगा, बहिणीला जेवू घालणं जड झालं का? मान वर करायला जागा राह्यली न्हाई मला. अगं, त्याच निवदावर तू लहानाची मोठी झालीस ना?

आन् माय. शेवटच्या दिवशी ती माणूस वळखत नव्हती, पण एकच घोकत होती, “द्वारकी जेवली का?” तू भाईर ओट्यावर. मी म्हणलं, हो माय, पोटभर जेवली. मरत्या माणसाशी खोटं बोललो मी तुझ्यापायी.

झालं भांडण. आता कामाचं. बेबीनंदाच्या बारशातच मायनं सांगून ठेवलं होतं, ही पोर माझ्या संपतची. पोर आता एकोणीस वर्षांची झाली. संपतबी हाताशी आलाय. या वैशाखात उरकून टाकू. नवरात्रात बेबीनंदाची तब्येत जरा नरम होती, आता बिलकुल ठीक हाये. दाजींना इचारून जल्दी कळव.

तुझा भाऊ,
भुजंग

—

बदनापूर
ता. ११ डिसेंबर १९८४

तीर्थस्वरूप भाऊस द्वारकाचा दंडवत प्रणाम. (रुसलास तरी असंच लिहीन.)

तू भाकर बघितलीस. ती गिळताना माझा घास किती फिरत होता ते नाही बघितलंस. आत चुलीवर वहिनी पिठलं हाटत होती, मायच्या हातचाच वास. मला काय ते नको होतं का?

तू कधी इचारलं नाहीस म्हणून आज लिहिते. संपत लहान असताना तू मला न्यायला आल्तास, आठवतं? माझ्या दंडावरचे वळ बघून तू काठी उचलली होतीस, आन् हे गोठ्यात पिऊन पडलेले. मायनं देवीला बोकड कबूल केला, की जावयाची दारू सुटू दे. बोकड कापला. यांनी रस्सा खाल्ला आन् त्याच्यावर आणखी प्याले. मंग आमच्या गावात पंथातली एक म्हातारी तपस्विनी उतरली. ती यांच्याशी बोलत बसायची. रागं भरली नाही की शिव्या दिल्या नाहीत. यांनी तिच्याकडून पंथाचा उपदेश घेतला, मीबी घेतला. त्या दिवसापासून यांनी थेंब घेतला नाही, माझ्यावर हात उचलला नाही. मला अक्षरं तिनंच शिकवली, पोथी वाचता यावी म्हणून. हे पत्र मी माझ्या हातानं लिहून राह्यले, भाऊ.

आता तूच सांग, मी नेम कसा मोडू? एक घास मोडला तर सगळंच मोडंल असं वाटतं मला. तू म्हणशील, यडी हाये. असंल. पण मार मी खाल्लाय.

लग्नाला यांची हौसेनं हो हाये. दोनच गोष्टी. मांडवात बोकड नको, आन् आमचं वऱ्हाड असताना गोंधळ नको. जेवणाला आचारी आमचा आम्ही आणू. बाकी ती इथं आली की इथल्या रीतीनं राहील. ते मंग बघू.

बेबीनंदाची तब्येत नरम म्हणजे काय झाल्तं?

तुझी,
द्वारका

—

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई
ता. ८ जानेवारी १९८५

चि. सौ. द्वारकास आशीर्वाद.

पोरीला काही झालं न्हाई. थंडी-ताप होता. तू उगं फिकीर करत बसू नको.

बोकडाचं वाचलं. तुला ठाऊक हाये, बेबीनंदाच्या आधी सोनूची दोन लेकरं जगली न्हाईत. ही जगली तवा मी देवीला शब्द दिल्ता, हिच्या लग्नात बोकड देईन. आता तो मोडायचा. देवळात पुजाऱ्याला इचारलं. तो म्हणे, बोकडाच्या जागी कोहळा कापता येतो, पण मन साफ पायजे. आता मन साफ कुठून आणू? बाजारात भेटतं का?

तरी मी हो म्हणतो. कोहळा कापतो. गोंधळ वऱ्हाड यायच्या आधी उरकून घेतो, तुमच्या कानावर संबळ पडणार न्हाई. आचारी तुमचाच आणा. माझ्या लेकीच्या लग्नात माझी बहीण माझ्या घरचं जेवणार न्हाई, हेबी गिळलं.

सोनू म्हणती, एवढी कसली घाई? मी म्हणलं, घर चांगलं हाये, पिणारं न्हाई, मारणारं न्हाई, दारात आत्या हाये. आणखी काय पायजे? वैशाखातली पहिली तिथी धर.

भुजंग

—

बदनापूर
ता. १७ जून १९८५

तीर्थस्वरूप भाऊस दंडवत प्रणाम.

बेबीनंदा रुळली. मला सासूबाई म्हणायला जाते आन् तोंडातून आत्याच निघतं. यांना तिच्या हातची आमटी आवडली, दोनदा मागून घेतली. संपत तर चुलीपाशी पाणी प्यायच्या निमित्तानं किती येळा येतो ते सांगायला नको. पाणी पिऊन पिऊन पोट फुटायचं पोराचं.

आता जे लिहिते ते वाचून तू चिडशील. मागच्या आठवड्यात तिला पंथाचा उपदेश दिला. तुला आधी कळवलं नाही, कारण तू नाहीच म्हणला असतास आन् लग्न मोडलं असतं. मला ती पोर या घरात पायजे होती. तिला इचारलं होतं. ती म्हणली, आत्या, तुम्ही म्हणता तर घेते. मंग पोथीपुढं बसली, शाणी, खाली मान घालून.

तू तिच्या पेटीत साडीच्या घडीत देवीचा चांदीचा टाक ठेवला होतास. तो यांच्या नजरंला पडला. हे काही वाकडं बोलले नाहीत, एवढंच म्हणले, जिथला आहे तिथं पोचता करा. मी तो धुऊन पुसून, कापसात गुंडाळून संपतसंगं पाठवते. मायनं हाताळलेला टाक, माझ्याच हातानं परत पाठवायचा.

तुझी,
द्वारका

—

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई
ता. ५ जुलै १९८५

द्वारके,

टाक भेटला. देवघरात ठेवला.

माझी लेक, आन् मला न इचारता तिचा देव बदलला. सदरा हाये का तो, मळला म्हणून काढून दुसरा घालायला? मी तुझ्यासाठी देवीला दिलेला शब्द मोडला, कोहळ्यावर सुरी फिरवली, आन् तू ‘ते मंग बघू’ म्हणून माझ्या डोळ्यात धूळ फेकलीस. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याची पायरी मी परत चढलो नसतो. तू माझ्या पाठची बहीण, तुझं काय करू?

सोनू रडती. तिला म्हणलं, जाऊ दे, पोर सुखी हाये ना.

एक मात्र ऐक. नवरात्रात तिला एकटी सोडू नको. उपास धरू देऊ नको. कुठं संबळ वाजत असंल तर तिकडं फिरकू देऊ नको. का ते इचारू नको. एवढं कर.

भुजंग

—

बदनापूर
ता. २१ ऑक्टोबर १९८५

भाऊ,

का ते इचारू नको म्हणलास. इचारायची गरजच राह्यली नाही.

पाचव्या माळंला घरात पाहुणे होते. पंथातले थोर बाबा पुढल्या खोलीत बसून पोथी सांगत होते, हे समोर हात जोडून. आम्ही दोघी आत कणीक मळत होतो. वरच्या आळीत कुणाकडं तरी गोंधळाची तयारी, संबळावर नुसती थाप पडली. बेबीनंदाचे हात परातीतच थांबले. मला वाटलं चक्कर आली. मंग तिचे खांदे हलायला लागले, केस सुटले, डोळे वर गेले. भाऊ, मी वळखलं. लहानपणापासून दर नवरात्रात मायला बघितलंय मी. तेच घुमणं, मान डाव्या अंगाला टाकायची तीच लकब.

तुला ठाऊक होतं. ‘थंडी-ताप’ लिहिलंस. आन् मी उपदेशाचं लपवलं म्हणून तू माझ्यावर डोळ्यात धूळ फेकल्याचा आळ घेतलास!

मी दार लावून घेतलं. तिला मांडीवर घेतलं, तोंडावर पदर धरला. ती हळद-कुंकू मागत होती. बाहेर पोथी चाललेली. मी काय केलं ते तुलाच सांगते, यांनाबी पुरतं सांगितलं नाही. मी माझ्या कुंकवाचा डबा उघडला, तिचं कपाळ भरलं, आन् आपण मायला म्हणायचो तसं म्हणलं, “आई, दमलीस, आता घरी जा.” आन् तिच्या पायावर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांत दुसऱ्या देवापुढं माझी मान वाकली नव्हती. ती देवी होती, माय होती, का माझी भाची होती, मला सांगता येत नाही. ती शांत झाली आन् झोपली.

दार उघडलं तर हे उभे. तिचं कपाळ बघितलं, माझ्या हाताची बोटं बघितली. जेवले नाहीत. संध्याकाळी बाहेर गेले तर मला वाटलं, संपलं, आता पिऊनच येतेत. मी उंबऱ्यात बसून राह्यले. ते तसेच कोरडे परत आले, पण त्या दोन घंट्यात मी काय भोगलं ते मलाच माहीत.

आता हे म्हणतेत, पोरीला आपल्या पंथाच्या जाळीच्या देवाला नेऊ, तिथं अशी माणसं बरी होतेत. संपत घाबरलाय. कालपासून तो बैठकीत झोपतो. काय करू ते सांग, आन् या बारीला खरं सांग.

द्वारका

—

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई
ता. २६ ऑक्टोबर १९८५

द्वारके,

खरं सांगतो.

माय श्रावणात गेली आन् त्याच नवरात्रात पोरीच्या अंगात आलं. सोनू खुश झाली, म्हणे सासूबाईंची गादी नातीनं धरली. गावातल्या बाया पाया पडायला आल्या. मी एकटा कोपऱ्यात बसलो होतो. तुला आठवतं का, माय दुसऱ्या दिवशी कशी पडून राह्यची? पाणी पाजलं तरी ओठातून सांडायचं. लोक नारळ ठेवून आपल्या घरी जायचे आन् आपण दोघं तिचे पाय दाबत बसायचो. माझ्या लेकीला जन्मभर ते नको होतं मला.

आन् मंग मनात आलं, द्वारकीच्या घरात देवीला जागाच न्हाई. तिथं ती कशी येईल? म्हणून घाई केली. टाक रीतीपायी ठेवला होता, तो परत आला तवा मी चिडलो बी आन् मनातून सुटल्यासारखं बी वाटलं. तुमच्या पंथाला मी उठता-बसता शिव्या दिल्या, आन् लेक लपवायला तुमचंच घर शोधलं. देवीच्या पुजेला बसणारा माणूस मी, देवीपासूनच पोर लपवून राह्यलो होतो. आता हस मला.

पण जाळीला न्यायचं बिलकुल काढू नको. तिथं भूतबाधा झालेल्यांना नेतेत. माझ्या पोरीला भूत लागलं न्हाई. तिच्यात आई येती. मला ती नको असली तरी ती आईच हाये, तिला कुणी भूत म्हणलेलं मला चालणार न्हाई. कधी वाटतं, कोहळा दिला म्हणून ती पाठोपाठ तुझ्या घरी आली.

माझ्याकडं एक तोड हाये. दाजींच्या कानावर घाल. दर नवरात्रात बेबीनंदाला माहेरी पाठवा. जे यायचं ते इथं येऊ दे, ज्या घरात मायला यायचं तिथं. बाकीचं साल ती तुमची, तुमच्या पोथीची, तुमच्या नेमाची. मी टाक देणार न्हाई, अंगारा देणार न्हाई, शब्द देतो.

आन् तिला सोडायला तू ये. जेवायला ये. तुझं ताट मी देवीच्या आधी वाढीन. निवद दाखवायच्या आधी, चुलीवरून उतरल्या उतरल्या. मंग ते कुणाचा निवद होत न्हाई, नुसतं भावाच्या घरचं अन्न होतं. हे मला आधी सुचायला पायजे होतं. सोनूला सांगितलं तर ती कानावर हात ठेवून उठली. म्हणे, या घरात देवीच्या आधी कुणी जेवलं न्हाई, सासरे न्हाई का सासूबाई न्हाई. मी म्हणलं, देवी घरचीच हाये, ती थांबंल. द्वारकी पाहुणी हाये.

भुजंग

—

बदनापूर
ता. २२ सप्टेंबर १९८६

तीर्थस्वरूप भाऊस दंडवत प्रणाम.

वर्ष कसं काढलं ते तोंडीच सांगीन. जाळीचं नाव यांनी सोडलं. माझ्या हातून घडलं त्याचं प्रायश्चित्त मी घेतलं, ते काय होतं ते इचारू नको. संपत परत आपल्या खोलीत झोपतो, पण बेबीनंदा काही उचलायला वाकली तरी दचकून बघतो. नवरात्र जवळ आलं तशी पोरगी मुकी झालीय.

हे म्हणाले, भुजंगरावांचं बराबर हाये, पाठवू. माझ्याबद्दल इचारलं तर म्हणाले, ताट आधी वाढलेलं असलं तर तुझ्या नेमाला धक्का नाही, पुढं तुझं मन. भाऊ, माझ्या मनाचंच तर सगळं हाये. त्या दिवशी माझी मान आपोआप वाकली. तुझ्या घरात, मायच्या चुलीपाशी, संबळ वाजायला लागल्यावर ती कशी आवरंल? आन् पुन्हा वाकली तर? त्या संध्याकाळी हे कोरडे आले. दुसऱ्यांदा येतील का?

तरी येते. पाचव्या माळंला, दुपारच्या गाडीनं, संपत आन् पोरीला घेऊन. पिठलं कर म्हणावं वहिनीला, आन् ठेचा. गठुडं आणणार नाही.

तुझी,
द्वारका

—

पिंपळगाव रेणुकाई
ता. १० ऑक्टोबर १९८६

द्वारके,

आज वर कुणाचं नाव लिहावं ते समजंना, म्हणून जागा कोरीच सोडलीय.

दुपारची गाडी आली. संपत उतरला, मागून बेबीनंदा उतरली. मी गाडीच्या दारापाशी उभा, आणखी कुणी उतरतंय का म्हणून. कंडक्टर म्हणला, बाबा, सरका. संपतनं मंग सांगितलं, आई भोकरदनपर्यंत आल्ती. तिथल्या स्टँडवर बाकावर बसली ती उठंनाच. म्हणली, तुम्ही व्हा पुढं, मी परतीच्या गाडीनं जाते. पोरगं तुला सोडून यायला तयार नव्हतं, तू त्याच्यावर खेकसलीस म्हणे. भोकरदन इथून किती लांब हाये गं? पायी आलो असतो मी न्यायला.

मी तुझ्यावर चिडलो न्हाई. तुझं मागचं पत्र परत वाचलं. तू कशाला भिलीस ते मला कळतं. मीबी कोहळ्याचं भ्या घेऊन बसलेला माणूस हाये.

सोनूनं पिठलं केलं होतं. आधी कुरकुर केली, पण मंग तीच म्हणली, सासूबाईंच्या कल्हईच्या ताटात वाढा, वन्संना ते आवडायचं. चुलीवरून उतरलं तसं पहिलं तुझं ताट वाढलं. पिठलं, ठेचा, भाकर, कांदा. वरून दुसरं ताट झाकलं. तुझं झाल्याबिगर निवद दाखवायचा न्हाई असं ठरलं होतं, म्हणून निवदबी थांबला. म्हणलं, संध्याकाळच्या गाडीला मन बदलून येईल. संध्याकाळची गाडी आली आन् गेली. देवी उपाशी, आम्ही उपाशी, ताट झाकलेलं.

दिवेलागणीला देवळात संबळ सुरू झाला. बेबीनंदा घटापुढं बसली होती. तिला आलं. संपत दारात उभा, त्याला मी हाताला धरून जवळ बसवलं, म्हणलं, भिऊ नको, बघ, तुझ्या आजीलाबी असंच यायचं. त्यानं बघितलं, द्वारके. पळाला न्हाई.

रीतीपरमानं मी हात जोडले, म्हणलं, आई, चुकलं, निवदाला उशीर झाला, काय पायजे ते माग. मला वाटलं, आता बोकड मागंल.

तिनं बोकड मागितला न्हाई. निवदाकडं बघितलंबी न्हाई. मान डाव्या अंगाला टाकली, झाकलेल्या ताटाकडं बघितलं, आन् म्हणली, “द्वारकी जेवली का?”

सोनूच्या हातातली आरती खाली पडली. मायला मी खोटं सांगितलं होतं. या बारीला जमलं न्हाई. मी म्हणलं, “न्हाई आई. न्हाई जेवली.”

ती तशीच रडत रडत शांत झाली. निवद कुणी घेतला न्हाई. सकाळी तुझं ताट मी गाईपुढं ठेवलं.

बेबीनंदा ठीक हाये. दसरा झाला का संपतसंगं धाडतो, तुमची म्हणून, शब्दाप्रमाणं.

पुढल्या नवरात्रात ती परत इचारंल. तवा मी काय सांगू, तेवढं मला लिहून कळव.

तुझा भाऊ,
भुजंग